कलेवर पोट कसे चालते? चेन्नईच्या चोळमंडलची रीत

घरातल्या मुलाने किंवा मुलीने 'नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रे काढणार' असे सांगितले की पहिला प्रश्न येतो, "पण पोटाचे काय?" हा प्रश्न विचारणारे आईवडील कलेचे वैरी नसतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याला रास्त उत्तर हवे. बहुतेक वेळा ते मिळत नाही. एका बाजूने 'मनाचे ऐक' असा सल्ला येतो, दुसऱ्या बाजूने 'छंद म्हणून कर' असा. दोन्ही सल्ले प्रश्नाला हात न लावता निघून जातात.

चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, साठ वर्षांपूर्वी काही चित्रकार-शिल्पकारांनी आणि त्यांच्या शिक्षकाने या प्रश्नाला हात घातला. पैसा कुठून येईल, वेळ कसा वाचेल, राहायचे कुठे, हे त्यांनी आधी ठरवले आणि १९६६ मध्ये शहराबाहेर समुद्रकाठी वसाहत उभी केली. तिचे नाव चोळमंडल कलाग्राम. ते आजही आहे. नोकरीची वाट सोडून कलेकडे वळू पाहणाऱ्याने ते कसे उभे राहिले हे टप्प्याटप्प्याने समजून घ्यावे, कारण त्यातला बराचसा भाग आजही लागू पडतो.

शिक्षण होते, बाजार नव्हता

मद्रासची कलाशाळा देशातल्या सर्वांत जुन्या कलाशाळांपैकी एक. अलेक्झांडर हंटर नावाच्या एका शल्यचिकित्सकाने ती १८५० मध्ये सुरू केली. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय त्यानंतर सात वर्षांनी, १८५७ मध्ये आले. विसाव्या शतकात मद्रासच्या शाळेला देवीप्रसाद रायचौधुरी हे पहिले भारतीय प्राचार्य लाभले. मरीना किनाऱ्यावर दगड हलवण्यासाठी झटणाऱ्या मजुरांचे जे शिल्प आहे, ते त्यांचेच. १९५७ मध्ये ते निवृत्त झाले आणि प्राचार्यपद के. सी. एस. पणिक्कर यांच्याकडे आले.

पणिक्करांना नोकरी आणि कला यांतली ओढाताण पुस्तकातून कळलेली नव्हती. त्यांचा जन्म १९११ चा, कोइम्बतूरचा. लहान वयातच ते निसर्गचित्रे काढू लागले होते. पण वडील गेले, घराची जबाबदारी आली आणि त्यांनी तार खात्यात नोकरी धरली. कलाशाळेत ते दाखल झाले १९३६ मध्ये, पंचविशीत. पुढे तिथेच शिक्षक आणि मग प्राचार्य झाले. १९४४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'प्रोग्रेसिव्ह पेंटर्स असोसिएशन' स्थापन केली.

प्राचार्य म्हणून त्यांना दरवर्षी एकच चित्र दिसत होते. गुणी मुले पदविका घेऊन बाहेर पडत आणि काही वर्षांत दिसेनाशी होत. कोणी जाहिरात कंपनीत, कोणी चित्रपटांच्या फलकांवर, कोणी शाळेत चित्रकलाशिक्षक. त्या कामांत कमीपणा काहीच नाही. पण दिवसभर ते केल्यावर स्वतःच्या चित्रासाठी ना वेळ उरे, ना ताकद. मुंबईत आणि दिल्लीत आधुनिक चित्रांना थोडेफार ग्राहक होते, खासगी कलादालने उघडत होती. मद्रासमध्ये ते जवळजवळ नव्हते. गाण्या-नाचण्याला या शहरात उदंड रसिक. आधुनिक चित्राकडे मात्र पाहणारेच थोडे, मग विकत घेणारे कुठून येणार?

हा फरक नीट पाहायला हवा. चेन्नईत कर्नाटक संगीत शिकणाऱ्यासमोर पायऱ्या मांडलेल्या असतात. आकाशवाणीची श्रवणचाचणी आणि तिच्या श्रेणी, सभांच्या दुपारच्या मैफली, मग संध्याकाळच्या तिकीट लावलेल्या मैफली, मार्गशीर्षातला संगीतमहोत्सव. त्या चढणे कठीण आहे, पण त्या आहेत. संजय सुब्रह्मण्यन हे सनदी लेखापाल. तो पेशा मागे ठेवून ते पूर्णवेळ गायक झाले, तेव्हा त्यांना शहराने आधीच बांधलेली वाट उपलब्ध होती. चित्रकाराला ती नव्हती. पणिक्कर आणि त्यांचे विद्यार्थी यांना पायऱ्याच आधी बांधाव्या लागल्या.

पहिली पायरी : भाकरीचे काम वेगळे काढणे

त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. चित्र विकून जगता येत नसेल, तर चित्रावर जगण्याचा भार टाकायचा नाही. जगण्यासाठी हस्तकला करायची आणि त्यातून मिळालेल्या वेळात, कोणाच्याही आवडीनिवडीचा विचार न करता, आपले चित्र काढायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला यासाठी कलावंतांची एक हस्तकला संस्था उभी राहिली आणि तिने बाटिक हाती घेतले.

बाटिकच का, हे समजण्यासाठी ते कसे होते ते पाहू. कापडावर जिथे रंग लागू द्यायचा नाही तिथे वितळलेले मेण लावतात. मग कापड रंगात बुडवतात. मेणाखालचा भाग कोरा राहतो. वाळल्यावर आणखी काही भाग मेणाने झाकून पुढच्या, अधिक गडद रंगात बुडवतात. असे फिक्याकडून गडदाकडे जातात. रंग थंड पाण्यात चढणाराच लागतो. पाणी गरम झाले तर मेणच सुटेल. शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकतात. मधमाशीचे मेण लवचिक असते, पॅराफिन ठिसूळ. दोन्ही मिसळून मेणाला हव्या तेवढ्या भेगा पाडता येतात आणि त्यांतून शिरलेल्या रंगाच्या बारीक रेषा ही बाटिकची ओळख ठरते.

आता चित्रकाराच्या बाजूने पाहा. यंत्र लागत नाही, माग लागत नाही. कापड, मेण, रंग, चूल आणि कुंचला एवढ्यावर काम सुरू होते, म्हणजे भांडवल थोडे. रेषेवर हुकमत आणि रंगांचा क्रम मनात धरण्याची सवय, ही चित्रकाराजवळ आधीपासून असते. तयार होते ती साडी, रुमाल, भिंतीवरचा पडदा. त्याला सामान्य घरातही गिऱ्हाईक मिळते. आधुनिक चित्रासमोर बिचकणारा माणूस बाटिकची साडी बिनदिक्कत घेतो. शिवाय काम तासांत मोजता येते. आज इतके तास बाटिक, उरलेला वेळ कॅनव्हास, अशी वाटणी करता येते. बाटिकबरोबर चामड्याचे काम, मातीकाम, धातूच्या वस्तू अशी कामेही कलावंत करत गेले.

या व्यवस्थेचा गाभा वाटणीत आहे. बाटिक विकले गेले पाहिजे, म्हणून ते लोकांच्या पसंतीचे असायला हरकत नाही. चित्र विकले गेलेच पाहिजे असे नाही, म्हणून ते निर्भय होऊ शकते. पणिक्कर स्वतः याच काळात, १९६३ च्या सुमारास, अक्षरे, आकडे, कुंडलीसारख्या आकृत्या आणि चिन्हे यांनी भरलेल्या 'वर्ड्स अँड सिंबल्स' या मालिकेकडे वळले. ती चित्रे बाजार पाहून काढलेली नव्हती.

दुसरी पायरी : जमीन आणि सामायिक संस्था

बाटिकची विक्री चांगली झाली आणि त्या कमाईतून जमीन घ्यायचे ठरले. शहराच्या दक्षिणेला, महाबलीपुरमच्या वाटेवर, इंजंबक्कम या किनाऱ्यावरच्या गावात सुमारे दहा एकर वाळूची जागा घेतली गेली. १९६६ मध्ये वसाहत सुरू झाली. तीसचाळीस कलावंत या उपक्रमात होते. सुरुवातीची घरे म्हणजे झावळ्यांच्या झोपड्या. हळूहळू पक्की घरे, चित्रशाळा, कार्यशाळा, कलादालन आणि उघड्यावरचा रंगमंच उभा राहिला. पणिक्कर १९६७ मध्ये प्राचार्यपदावरून निवृत्त झाले, तोवर गाव वसू लागले होते. क्रम लक्षात घ्या : आधी कमाईचे साधन, मग जागा, मग नोकरीतून बाहेर.

जागेचे महत्त्व आपण कमी लेखतो. कलावंताच्या खर्चात कॅनव्हास आणि रंगांपेक्षा मोठा आकडा असतो तो भाड्याचा. चित्राला भिंत लागते, शिल्पाला अंगण आणि भट्टी लागते, काम करताना होणारा आवाज सहन करणारे शेजारी लागतात. शहरातल्या दोन खोल्यांत हे जमत नाही. सगळ्यांनी मिळून स्वस्त जागा घेतल्यामुळे हा खर्च कायमचा आटोक्यात आला. सामायिक कलादालन हाताशी असल्यामुळे, वर्षातून एकदा प्रदर्शन लावून ग्राहकाची वाट पाहण्यापेक्षा, चित्रे आणि वस्तू वर्षभर मांडता आल्या. विक्री आणि गावाचा कारभार कलावंतांच्या सहकारी संस्थेकडे राहिला. महाराष्ट्रात सहकाराचे महत्त्व वेगळे सांगायला नको. साखर आणि दुधाच्या बाबतीत जे आपण केले, तेच या मंडळींनी चित्रांच्या बाबतीत केले.

तिसरी पायरी : सोबत

इथे कोण कोण आले ते पाहिले की सोबतीची किंमत कळते. जे. सुलतान अली हे मुंबईत जन्मलेले चित्रकार. दिल्लीत ललित कला अकादमीतली नोकरी सोडून ते चोळमंडलला राहायला आले. पणिक्करांचे चिरंजीव एस. नंदगोपाल यांनी आधी भौतिकशास्त्राची पदवी घेतली, मग कलाशिक्षण. धातूच्या शिल्पांसाठी ते ओळखले गेले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी गावाचा कारभार पाहिला. एम. सेनाधिपती, पी. गोपीनाथ, के. व्ही. हरिदासन, एस. जी. वासुदेव, अनिला जेकब अशी कितीतरी नावे या गावाशी जोडलेली आहेत. अक्कितम नारायणन आणि वेलू विश्वनाथन पुढे पॅरिसला गेले, वासुदेव बंगळूरला. दक्षिणेतल्या आधुनिक कलेला 'मद्रास चळवळ' असे जे नाव मिळाले, त्याचा मोठा भाग या गावात घडला.

एकट्याने नोकरी सोडली की पहिली दोन वर्षे सर्वांत जड जातात. आजूबाजूचे सगळे सकाळी कामावर जातात आणि आपण घरी असतो. चित्र बिघडले तर दाखवायला कोणी नसते. चांगले झाले तर ओळखणारे कोणी नसते. शेजारच्या दहा घरांत हेच जगणे चालू असेल तर माणूस टिकतो.

मात्र गावाला मर्यादाही होत्या. के. रामानुजम हे विलक्षण स्वप्नचित्रे काढणारे, बोलण्यात अडखळणारे, एकाकी कलावंत. नोकरीच्या जगात त्यांना जागा मिळणे अवघड होते. ती चोळमंडलने दिली. तरीही १९७३ मध्ये, ऐन उमेदीच्या वयात ते गेले. छप्पर, मिळकत आणि सोबत एवढ्याने प्रत्येकाचे दुःख हलके होत नाही. कलेकडे वळणाऱ्याने आपल्या मनाच्या प्रकृतीकडे, गरज पडली तर डॉक्टरांच्या मदतीने, लक्ष दिलेच पाहिजे. हे मी कळकळीने सांगतो.

२००९ मध्ये इथे समकालीन कलेचे केंद्र आणि मद्रास चळवळीचे संग्रहालय सुरू झाले. चेन्नईला जाल तेव्हा पूर्व किनारा मार्गावरून महाबलीपुरमला जाताना इंजंबक्कमला जरूर उतरा. पुढे मुट्टुकाडूला दक्षिणचित्र हे दक्षिणेतल्या घरांचे आणि हस्तकलांचे संग्रहालयही आहे. दोन्ही मिळून एक दिवस सत्कारणी लागतो.

आपल्याकडची रीत

जोडकामावर कला जगवण्याची ही रीत मराठी चित्रकारांनाही ठाऊक होती. प्रभाकर बरवे १९६१ मध्ये विणकर सेवा केंद्रात लागले. हातमागासाठी नक्षी तयार करणारी ही सरकारी केंद्रे. तिथली काही वर्षे त्यांनी वाराणसीत काढली आणि तिथल्या तंत्रमार्गातल्या प्रतिमांनी त्यांच्या चित्राला वळण दिले. पोटाच्या नोकरीनेच चित्राला खाद्य पुरवल्याचे हे उदाहरण. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक वाचणाऱ्यांना या चित्रकाराच्या मनाची शिस्त ठाऊक आहे. दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठे आणि कथाचित्रांवर संसार उभा केला आणि १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा अंक काढला. बरवे नोकरीत राहिले, दलालांनी व्यवसाय उभारला, चोळमंडलच्या मंडळींनी सहकार केला. तिघांनीही पोट आणि चित्र यांचा हिशेब स्पष्ट मांडला होता.

आजचा हिशेब

आता आपल्या वहीत हिशेब करू. समजा घरखर्च महिन्याला ४०,००० रुपये आहे आणि तुमचे चित्र ३०,००० रुपयांना विकले जाते. कलादालन साधारणपणे किमतीच्या एक तृतीयांश ते निम्मा वाटा घेते. आपण एक तृतीयांश, म्हणजे १०,००० धरू. कॅनव्हास, रंग, चौकट, वाहतूक यांचे ४,००० धरू. हातात १६,००० उरले. घर चालवायला महिन्याला अडीच, वर्षाला तीस चित्रे विकली गेली पाहिजेत. काढली नव्हे, विकली. नवोदिताला पहिल्या वर्षी हे जवळजवळ अशक्य आहे.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडा. आठवड्यातले दोन दिवस शिकवणे, मुखपृष्ठे, भित्तिचित्रे, नक्षीकाम किंवा कुठल्याही हस्तकलेतून महिन्याला २४,००० मिळाले, तर चित्रांतून फक्त १६,००० हवेत. महिन्याला एक चित्र. अवघड, पण शक्य कोटीतले. चोळमंडलचे बाटिक म्हणजे नेमके हेच. म्हणून नोकरी सोडण्याआधी आपले 'बाटिक' कोणते हे ठरवा. ते तुमच्या कौशल्यातून आलेले असावे, तासांत बांधता यावे आणि चित्राची सगळी शक्ती शोषून घेणारे नसावे. या तीन कसोट्यांवर कितीतरी कामे गळतात. शक्य असेल तर नोकरीत असतानाच ते सुरू करा आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा.

शिष्यवृत्त्याही माहीत असाव्यात. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजनांत १८ ते २५ वयाच्या कलाविद्यार्थ्यांना महिना ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती, २५ ते ४० वयाच्या कलावंतांना महिना १०,००० ची कनिष्ठ आणि ४० च्या पुढच्यांना महिना २०,००० ची ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती, प्रत्येकी दोन वर्षांसाठी, अशी रचना आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाची जाहिरात वाचा. चेन्नईत ग्रीम्स रोडवर ललित कला अकादमीचे प्रादेशिक केंद्र आहे. तिथे प्रदर्शने भरतात आणि कलावंतांसाठी कार्यशाळांची सोय आहे.

कागदावरचे हक्क

व्यवसाय म्हटला की कागद आला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातल्या चार गोष्टी प्रत्येक चित्रकाराला पाठ असाव्यात.

पहिली : चित्र विकले म्हणजे त्याचा प्रताधिकार विकला असे होत नाही. तो लेखी करार करूनच देता येतो. विकत घेणाऱ्याला चित्र भिंतीवर लावता येते, पण तुमच्या परवानगीशिवाय त्याची दिनदर्शिका छापता येत नाही. हा अधिकार कलावंताच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो.

दुसरी : कोणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास प्रताधिकार त्याचा होतो. म्हणून मागणीचे काम घेताना करारात हा मुद्दा आधी लिहा.

तिसरी : मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर कलावंताला त्या किमतीत हिस्सा मागता येतो, तो १० टक्क्यांपर्यंत असू शकतो. हा हक्क वापरायचा तर प्रत्येक विक्रीची नोंद हवी : चित्राचे नाव, माप, साल, छायाचित्र, ग्राहक, किंमत.

चौथी : कलाकृतीची नासधूस करून कलावंताच्या प्रतिष्ठेला धक्का लावता येत नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातले आपले भव्य शिल्प काढून त्याची दुर्दशा केल्याबद्दल अमरनाथ सहगल यांनी सरकारविरुद्ध दावा लावला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले.

निर्णय घेणाऱ्यांसाठी

चोळमंडलने दिलेला धडा माझ्या मते एवढाच आहे आणि तो पुरेसा आहे. कलेला वाहून घेणे म्हणजे डोळे मिटून उडी मारणे नव्हे. रोजचे मोकळे तास मिळवणे, त्यांची किंमत प्रामाणिक जोडकामाने चुकती करणे आणि त्या तासांत तडजोड न करणे, हे या व्यवसायाचे रोजचे काम आहे. जोडकामाची लाज वाटू देऊ नका. देशातल्या एका मोठ्या कलावसाहतीची जमीन साड्या आणि पडदे रंगवून मिळालेल्या पैशातून घेतलेली आहे.

आईवडिलांना एक विनंती. 'पोटाचे काय?' हा प्रश्न जरूर विचारा, पण विचारून थांबू नका. मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर वही घेऊन बसा, वरचा हिशेब एकत्र मांडा आणि तो जुळत असेल तर दोन वर्षे द्या. आणि ज्यांना स्वतः चित्र काढायचे नाही त्यांनी वर्षातून एकदा तरी एखाद्या हयात कलावंताचे काम विकत घ्यावे, मग ते लहानसे रेखाचित्र का असेना. कलावंताचे घर शेवटी त्यावरच चालते.